म्हाताऱ्या पाइनचे चित्र काढताना

मुलांना झाडाचे चित्र काढायला सांगितले, की बहुतेक वह्यांत एकच झाड उमटते. खाली दोन उभ्या रेघा म्हणजे खोड, वर हिरवा ढग म्हणजे पाने, आणि खोड जिथे टेकते तिथे एक आडवी रेघ म्हणजे जमीन. ढगात चारदोन लाल ठिपके असले तर ते फळझाड. या झाडाला वय नसते. त्याच्यावर कधी वीज पडलेली नसते, गुरांनी अंग घासून त्याची साल काढलेली नसते, आणि मुळे तर नसतातच. आपण शिक्षकही त्याला दहापैकी सात गुण देऊन मोकळे होतो.

या लेखात आपण अगदी दुसऱ्या टोकाचे झाड पाहणार आहोत, आणि तेही चित्रकाराच्या बाजूला बसून. कारण हे झाड समोर ठेवून काढायला घेतले, की पेन्सिल वारंवार अडते. आणि ती जिथे अडते तिथे वनस्पतिशास्त्राचा एकेक प्रश्न उभा असतो. त्या प्रश्नांची उत्तरे शोधत गेले, की हे झाड इतकी वर्षे जगले कसे तेही हळूहळू उलगडते.

झाडाचे नाव ब्रिसलकोन पाइन. हिमालयातला चीड आपल्याला ऐकून तरी माहीत असतो. त्याच्याच कुळातले हे झाड. याच्या शंकूच्या प्रत्येक खवल्यावर राठ केसासारखा बारीक काटा असतो, त्यावरून हे नाव पडले. शास्त्रीय नाव पायनस लाँगीव्हा. यातल्या दुसऱ्या लॅटिन शब्दाचा अर्थच दीर्घायुषी असा आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया, नेवाडा आणि युटा या तीन राज्यांतल्या उंच, कोरड्या डोंगरमाथ्यांवर ही झाडे तुरळक आढळतात. त्यांतली सर्वांत जुनी झाडे कॅलिफोर्नियाच्या पूर्व सीमेजवळच्या व्हाइट माउंटन्स या रांगेत, समुद्रसपाटीपासून दहा-अकरा हजार फुटांवर आहेत. या रांगेच्या पश्चिमेला सिएरा नेवाडा पर्वत आडवा पसरला आहे. पॅसिफिक महासागरावरून येणारे वारे आपले बाष्प तिथेच रिकामे करतात. सह्याद्री ओलांडल्यावर माण-खटावच्या वाट्याला जे उरते तोच प्रकार इथे; फक्त उंची आणि थंडी कितीतरी अधिक. वर्षाचे पाऊस-हिम मिळून तीसेक सेंटिमीटर पाणी, तेही बहुतेक हिमाच्या रूपात. झाडाला वाढायला सवड मिळते ती उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांचीच.

अशा माळावर येऊन ही झाडे रेखाटणारे चित्रकार अनेक. व्हॅलरी कोहेन यांनी काढलेली या झाडांची चित्रे मायकेल कोहेन यांच्या १९९८ सालच्या पुस्तकात आहेत, आणि उंचावरच्या झाडांच्या शाईतल्या रेखाटनांचे या दोघांचे आणखी एक पुस्तक २०१७ साली निघाले. आपण मात्र कोणा एकाचे चित्र समोर घेणार नाही. कागद, पेन्सिल आणि बसायला एक दगड घेऊन कोणीही चित्रकार तिथे बसला, तर त्याला काय काय दिसेल तेवढे पाहू.

पहिली अडचण रंगाची. झाड म्हटले की तपकिरी खोड आणि हिरवा शेंडा, ही आपली समजूत इथे निकामी होते. समोर जे दिसते त्याचा मोठा भाग हाडासारखा पांढरट, पिवळसर, कुठे करडा असतो. त्यावर साल नाही. वाऱ्याबरोबर येणारी वाळू आणि बर्फाचे कण शतकानुशतके त्याला घासत आले आहेत, त्यामुळे लाकूड गुळगुळीत झाले असून त्याचे धागे स्पष्ट उठून दिसतात. हे धागे सरळ वर जात नाहीत, बऱ्याचदा दोरखंडासारखा पीळ घेत जातात. (हा पीळ का पडतो याबद्दल शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही, चित्रकार त्यावर खूश असतो ही गोष्ट वेगळी.) या निर्जीव लाकडाच्या एका कडेने सालीची एक अरुंद तपकिरी पट्टी वर चढत जाते, आणि तिच्या टोकाला, अगदी एकाच बाजूला, हिरव्या पानांचे झुपके दिसतात. बाटली धुण्याच्या ब्रशासारखे दिसणारे हे झुपके वगळले, तर झाड मेलेच आहे असे कोणीही म्हणेल.

हुशार चित्रकार इथे एक युक्ती करतो. तो पेन्सिल हिरव्या झुपक्यावर ठेवतो आणि तिथून सालीची कड धरून खाली येतो. फांदीवरून खोडावर, खोडाला वळसा घालत जमिनीपर्यंत. झुपक्यापासून निघालेली पट्टी शेवटी नेमकी एका जाड मुळावर येऊन पोचते. दुसऱ्या झुपक्यापासून निघालो तर दुसऱ्या मुळावर, नाहीतर पहिल्याच पट्टीला मिळतो. ज्या बाजूला साल नाही, त्या बाजूचे मूळही उघडे आणि मेलेले सापडते. चित्रकाराने ही रेघ केवळ सुबकपणासाठी काढली असेल, पण तिने झाडाची सारी पाणीपुरवठा योजना कागदावर उतरवली आहे.

हे नीट समजण्यासाठी खोडात जिवंत काय असते ते आठवू या. सालीच्या लगेच आत कँबियम नावाचा पेशींचा अगदी पातळ थर असतो. तो बाहेरच्या बाजूला रसवाहिन्या तयार करतो आणि आतल्या बाजूला जलवाहिन्या, म्हणजेच लाकूड. जलवाहिन्यांच्या पेशी तयार झाल्या की लवकरच मरतात; मेल्यावरच त्या पोकळ नळ्यांचे काम करू शकतात. म्हणजे कोणत्याही मोठ्या झाडाचे खोड बव्हंशी मृतच असते, आणि जिवंतपणा सालीलगतच्या पातळ कवचात असतो. ब्रिसलकोनमध्ये हे कवचही संपूर्ण उरत नाही. त्याच्या खोडात प्रत्येक मोठ्या मुळाचे पाणी मुख्यतः त्याच्या थेट वर असलेल्या पट्ट्यालाच मिळते. पूर्वीच्या वाड्यांत अनेक बिऱ्हाडांना मिळून एक नळ असे. तो बंद पडला की सगळ्यांचेच हाल. पण प्रत्येक बिऱ्हाडाचा नळ वेगळा असेल, तर एक फुटला म्हणून शेजाऱ्याचे पाणी तुटत नाही. ब्रिसलकोनने दुसरी पद्धत स्वीकारली आहे. एक मूळ मेले, की त्याच्या वरची सालीची पट्टी आणि तिच्यावरच्या फांद्या सुकतात. बाकीचे झाड चालू राहते.

यात आणखी एक हिशोब आहे. सालीखालचा प्रत्येक जिवंत चौरस सेंटिमीटर अन्न खातो, श्वसन करतो. पाने थोडी आणि पोसायचे अंग मोठे, असे झाले तर झाड उपाशी मरेल. अंगाचा एक भाग कायमचा बंद केला, की खाणारी तोंडे कमी होतात, आणि उरलेल्या मूठभर पानांना उरलेली पट्टी पोसणे परवडते. वाळलेल्या लाकडाला मात्र काही खायला लागत नाही, आणि ते खांबासारखे उभे राहून जिवंत पट्टीला आधार देते. पाइन अल्फा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका झाडाचे खोड जवळजवळ चार फूट व्यासाचे आहे, पण जिवंत सालीची पट्टी जेमतेम दहा इंच रुंद. त्या दहा इंचांवर चार हजारांहून अधिक वर्षांचे झाड चालले आहे.

आता पेन्सिल मुळांशी आली आहे. इथे चित्रकार पुन्हा थबकतो, कारण ही मुळे जमिनीत नाहीत. जमिनीच्या वर हात-दीड हात उंचावर, कोळ्याच्या पायांसारखी ती वाकून खाली गेलेली दिसतात. झाड स्वतःला उचलून तर घेत नाही! मग जमीनच खाली गेली असली पाहिजे. व्हॅलमोर लामार्श या शास्त्रज्ञाने १९६८ साली नेमका हाच धागा पकडला. मूळ मुळात जमिनीच्या पृष्ठभागालगत होते, आज ते इतके इंच वर आहे, आणि झाडाचे वय वलयांवरून ठाऊक आहे. भागाकार केला की डोंगरउताराची किती धूप झाली ते निघते. व्हाइट माउंटन्समध्ये हा वेग हजार वर्षांना साधारण एक फूट असा निघाला. चित्रात मुळाखाली मोकळी सोडलेली जागा म्हणजे असा काही शतकांचा, कधी हजारो वर्षांचा हिशोब असतो. आणि मुळे उघडी पडून मरतात, म्हणून वरची साल मरते. एका बाजूची मुळे आधी उघडी पडतात, म्हणून झाड एका बाजूने मरते. चित्रातले वर आणि खाली असे जुळले.

फांद्यांचा आकार काढताना एका जुन्या चित्रकाराची आठवण होणे साहजिक आहे. लिओनार्दो दा विंची याने आपल्या नोंदींत चित्रकारांसाठी झाडाचा एक नियम लिहून ठेवला आहे: कोणत्याही उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र केल्या तर त्यांची जाडी खालच्या खोडाइतकी भरते. आजच्या भाषेत, फांद्यांच्या छेदांच्या क्षेत्रफळांची बेरीज खोडाच्या छेदाएवढी असते. ख्रिस्तोफ एल्वा या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने २०११ साली असे दाखवले, की वाऱ्याच्या माऱ्याला सगळीकडे सारखेच टिकेल असे झाड आकडेमोडीने तयार केले, तर ते जवळपास याच नियमाने फुटते. वर्गातल्या मुलांना हे दोऱ्याने मोजता येईल. खोडाचा घेर ५० सेंटिमीटर असेल आणि त्याला फुटलेल्या दोन फांद्यांचे घेर ४० आणि ३० भरले, तर १६०० अधिक ९०० म्हणजे २५००, आणि ५० चा वर्गही तितकाच. प्रत्यक्षात आकडे इतके तंतोतंत जुळणार नाहीत, पण किती जवळ येतात ते पाहण्यात मजा आहे. ब्रिसलकोनच्या म्हाताऱ्या झाडावर मात्र हा नियम पार कोसळतो. खाली भलेमोठे खोड आणि वर मूठभर हिरव्या डहाळ्या. कारण खोडात हजारो वर्षांची जमा तशीच आहे, आणि तिने एकेकाळी पोसलेल्या बहुतेक फांद्या केव्हाच गेल्या. नवशिका चित्रकार हे प्रमाण सुधारायला जातो, वरच्या फांद्या थोड्या भरीव करतो, आणि झाड एकदम तरुण होऊन बसते.

पानांपाशी फार वेळ घालवायला नको, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. पाचपाच सुयांच्या जुडग्यात येणारी ही पाने तीस-चाळीस वर्षे झाडावर टिकतात. आपल्या साध्या वृक्षाला दरवर्षी पानांचा नवा खर्च करावा लागतो. इथे एखाद्या वर्षी हिम पडलेच नाही आणि नवी पालवी फुटली नाही, तरी आदल्या तीन दशकांची पाने कामावर हजर असतात.

हे सगळे ज्याच्यामुळे जगाला कळले तो एडमंड शुलमन. टक्सन येथील अॅरिझोना विद्यापीठात वृक्षवलयांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा १९३७ साली ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने स्थापन केली. डग्लसला शोधायचे होते सूर्यावरील डागांचे चक्र, आणि त्यासाठी तो झाडांकडे वळला होता. शुलमन त्याचा सहकारी. जुन्या अवर्षणांचा इतिहास हवा, म्हणून तो सर्वांत जुन्या झाडांच्या शोधात असे. १९५३ साली परतीच्या वाटेवर तो सहज व्हाइट माउंटन्सकडे वळला, कारण तिथे फार जुनी झाडे आहेत असे त्याच्या कानावर आले होते. पुढच्या उन्हाळ्यांत त्याने पोकळ गिरमिटाने झाडांतून पेन्सिलीहून बारीक अशा लाकडाच्या कांड्या काढल्या. यात झाड मरत नाही. छिद्र राळेने भरून येते. १९५७ साली त्याला मथुसेला सापडला. बायबलमधल्या ९६९ वर्षे जगलेल्या पुरुषाचे हे नाव. या झाडाचे वय आज ४,८०० वर्षांहून अधिक मानले जाते. शुलमनचा याविषयीचा लेख ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मार्च १९५८ च्या अंकात आला. तो छापून येण्याआधी, जानेवारीतच, शुलमन वारला. त्याचे वय होते ४९.

शुलमनच्या निष्कर्षात एक उफराटी वाटणारी गोष्ट होती. चांगली माती, भरपूर पाणी मिळालेले ब्रिसलकोन उंच, डौलदार वाढतात आणि त्या मानाने लवकर मरतात. सर्वांत म्हातारी झाडे सापडली ती सर्वांत दरिद्री जागी: डोलोमाइट या पांढऱ्या खडकाच्या उतारावर, जिथे इतर झुडपेही नीट जगत नाहीत. यामागे गूढ काही नाही. खोड शंभर वर्षांत कसेबसे एक इंच वाढते, त्यामुळे लाकूड दाट आणि राळेने भरलेले राहते. बुरशीला आणि किड्यांना ते पचत नाही. आजूबाजूला गवत-झुडूप नाही, म्हणून वणवा एका झाडावरून दुसऱ्यावर पोचत नाही. हवा कोरडी आणि थंड, म्हणून कुजणे जवळजवळ नाहीच. आणि म्हातारपणाचे काय? रॉनल्ड लॅनर आणि क्रिस्टिना कॉनर यांनी २००१ साली २३ वर्षांपासून ४,७१३ वर्षांपर्यंतची ब्रिसलकोन झाडे तपासली. परागकण, बिया, वाढ, कशातच वयाबरोबर येणारी झीज त्यांना आढळली नाही. जिवंत पट्टीतले कँबियम अजूनही तरुण झाडासारखेच काम करते. म्हातारा दिसतो तो सांगाडा.

वय मोजायची रीत मुलांना सोपी वाटते: वलये मोजली की झाले. प्रत्यक्षात ती किचकट आहे. पट्टीवरच वाढ होत असल्याने वलये एकाच बाजूला साचतात आणि खोड गोल न राहता फळीसारखे होते. दुसऱ्या बाजूचे लाकूड घासून गेलेले असते, कधी मूळ गाभाच नाहीसा झालेला असतो. फार कोरड्या वर्षी वलय उमटतच नाही. म्हणून अनेक झाडांच्या कांड्या शेजारी ठेवून जाड-बारीक वलयांचा क्रम जुळवतात, फाडलेल्या पावतीचे दोन तुकडे जुळवावेत तसा. एका झाडात गळलेले वर्ष दुसऱ्यात सापडते.

आणि हा क्रम जिवंत झाडापाशी थांबत नाही. चित्रकार अग्रभाग भरायला म्हणून आडवी पडलेली खोडे काढतो ना, ती कित्येक हजार वर्षांपूर्वी मेलेल्या झाडांची असू शकतात. न कुजता तशीच पडून राहिली आहेत. त्यांची बाहेरची वलये जिवंत झाडांच्या आतल्या वलयांशी जुळवत शुलमनचा सहकारी वेस्ली फर्ग्युसन याने १९६९ सालापर्यंत सात हजार वर्षांची अखंड मालिका तयार केली. पुढे ती नऊ हजारांच्या घरात गेली. या लाकडाने पुरातत्त्वशास्त्रात केवढी उलथापालथ केली पाहा. कार्बन-१४ वरून वय काढण्याची पद्धत हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण नेहमी सारखेच होते असे धरून चालत होती. वय आधीच ठाऊक असलेल्या ब्रिसलकोनच्या वलयांवर तीच पद्धत लावली, तेव्हा सहा हजार वर्षे जुने लाकूड सुमारे सात-आठशे वर्षांनी तरुण निघू लागले. म्हणजे गृहीतच चूक होते. हान्स झ्यूस याने १९६० च्या दशकात या वलयांच्या आधारे दुरुस्तीचा आलेख मांडला, आणि पश्चिम युरोपातील महापाषाणीय दफने इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी ठरली. आपल्याकडेही त्याचे परिणाम झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मोजणीच्या आधारे डी. पी. अग्रवाल यांनी १९६४ साली हडप्पा संस्कृतीचा काळ इ. स. पूर्व २३०० ते १७५० असा मांडला होता. आज या संस्कृतीच्या भरभराटीचा काळ आपण इ. स. पूर्व २६०० ते १९०० असा शिकवतो. या फरकात वृक्षवलयांवरून केलेल्या दुरुस्तीचा मोठा वाटा आहे. मोहेंजोदडोच्या तारखा मागे गेल्या, त्यात कॅलिफोर्नियातल्या एका माळावर पडलेल्या वाळक्या ओंडक्यांचाही हातभार लागला आहे.

वय मोजण्याच्या याच हव्यासात एक मोठे झाड गेले. नेवाडातील व्हीलर शिखराच्या उतारावर ऑगस्ट १९६४ मध्ये डोनाल्ड करी हा भूगोलाचा तरुण संशोधक जुन्या हिमनद्यांच्या खुणांचा अभ्यास करत होता. एका मोठ्या ब्रिसलकोनचे वय गिरमिटाने निघेना, तेव्हा त्याने वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन झाड कापवले. छेदावर मोजदाद केली तर ४,८४४ वलये. तोवर माहीत असलेल्या कोणत्याही जिवंत झाडाहून हे झाड जुने होते. स्थानिक लोक त्याला प्रॉमिथिअस म्हणत. १९८६ साली त्या भागाचे राष्ट्रीय उद्यान झाले, पण बुंधा तेवढा उरला आहे. मथुसेला नेमका कुठे आहे ते तिथले वनखाते सांगत नाही, ते उगाच नाही. चित्रकारालाही आपण मथुसेला काढतो आहोत की त्याचा शेजारी, हे कळायचा मार्ग नसतो.

गिरमीट आणि करवतीपासून झाडे वाचली तरी काळजी संपलेली नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार वृक्षरेषेजवळच्या ब्रिसलकोनांची विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली वलये आधीच्या ३,७०० वर्षांतल्या कोणत्याही अर्धशतकापेक्षा रुंद आहेत. हवा तापते आहे, थंडीने अडलेली वाढ मोकळी होते आहे. वरवर पाहता हे चांगलेच वाटेल. पण शुलमनचे म्हणणे ज्यांनी ऐकले आहे त्यांना झाड वेगाने वाढते आहे या बातमीने आनंद होणार नाही. दुसरी बातमी अधिक वाईट. साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांना ब्रिसलकोन दाद देत नाही, हे २०१७ सालच्या अभ्यासात ठळकपणे दिसले होते: शेजारचे लिंबर पाइन भुंगेऱ्यांनी मारले, पण ब्रिसलकोन उभे. पाचच वर्षांनी, २०२२ साली, त्याच अभ्यासकांपैकी काहींनी डेथ व्हॅलीजवळच्या टेलिस्कोप शिखरावर आणि युटातल्या वा-वा डोंगरांत ब्रिसलकोन भुंगेऱ्यांमुळे मरत असल्याचे लिहिले. दीर्घ आणि नेहमीपेक्षा उष्ण अवर्षणाने झाडे अशक्त झाली होती, आणि भुंगेरे शेजारच्या दुसऱ्या जातींच्या झाडांवर पोसून आले होते. साल थोडीथोडी गमावत जगणाऱ्या झाडाला एका बाजूचे मूळ मेलेले चालते. उरलेल्या दहा इंच सालीतच भुंगेरे शिरले, तर माघार घ्यायला जागा नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, की असले झाड आमच्या गावात कुठे? ब्रिसलकोन नाही, पण अंग टाकून देऊन जगणारी झाडे आहेत. हावड्याच्या वनस्पती उद्यानातील महावटवृक्ष हे मोठे उदाहरण. एकोणिसाव्या शतकातल्या वादळांत त्याच्या मोठ्या फांद्या मोडल्या, तिथून बुरशी शिरली, आणि १९२५ साली त्याचे मूळ खोडच काढून टाकावे लागले. झाड हजारो पारंब्यांवर आजही पसरते आहे. त्याचे चित्र काढायला बसलेल्याला खोड कुठे काढावे हाच प्रश्न पडतो. गावाबाहेरची पोकळ चिंच, वीज पडून अर्धी राहिलेली चिंच किंवा आंबा, बांधावर कुऱ्हाडीचे घाव जिरवून बसलेली बाभूळ, यांतही शोधले तर जिवंत सालीची पट्टी वर जाताना सापडेल.

मुलांना अशा एका झाडापाशी घेऊन जावे. पहिला अर्धा तास रंग देऊच नयेत. कॅमेऱ्याने फोटो काढून वर्गात बसून काढू, असे कोणी सुचवेल; ते मान्य करू नये, कारण फोटोत साल झाडाच्या मागच्या बाजूला कुठे जाते ते दिसत नाही, आणि मुलाने उठून झाडाला फेरी मारली पाहिजे हा तर सगळा हेतू. हिरव्या डहाळीपासून रेघ खाली आणायला सांगावी. जिथे साल नाही तिथे नुसती रेघ, जिथे साल आहे तिथे छटा. मुळे जमिनीवर आली असतील तर ती किती वर आहेत ते पट्टीने मोजून चित्राच्या कडेला लिहावे. खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजण्याची वनशास्त्रात पद्धत आहे, तीच पाळावी, म्हणजे पुढच्या वर्षीचे माप त्याच्याशी ताडून पाहता येईल. वय मात्र विचारू नये. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक झाडांत, वड-पिंपळात तर नक्कीच, दरवर्षीचे एक असे भरवशाचे वलय पडत नाही. सागाचा मात्र अपवाद. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाचा मागोवा घेतला आहे. लाकडाच्या वखारीत सागाच्या ओंडक्याची टाकाऊ चकती बहुधा मागितल्यावर मिळते. तिची एक बाजू काचकागदाने घासून ओल्या फडक्याने पुसली, की वलये चांगली उठतात, आणि टाचणीने दर दहाव्या वलयाला खूण करत गेले तर मोजताना चूक होत नाही.